रिपोर्टवर ‘ग्रॅम निगेटिव्ह’ लिहिलंय, म्हणजे जंतू नाहीत ना?

यावल तालुक्यातल्या एका केळी बागायतदाराच्या मुलाने विचारलंय: ‘वडील ६४ वर्षांचे. लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप, म्हणून कल्चर केलं, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहिले. रिपोर्टवर लिहिलंय: ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय, ई. कोलाय, एक लाखाहून जास्त, ईएसबीएल पॉझिटिव्ह. निगेटिव्ह आहे म्हणजे जंतू नाहीत ना? मग डॉक्टरांनी इंजेक्शनं का लिहून दिली? धाकटी बहीण नर्सिंगला आहे. तिच्या पुस्तकात जिवाणूंचं आकारावरून एक वर्गीकरण, रंगावरून दुसरं, ऑक्सिजनवरून तिसरं. यातलं खरं कोणतं?’

भाऊ, आधी इंजेक्शनं सुरू करा, मग हे वाचा. ‘निगेटिव्ह’ वाचून निर्धास्त झालेले तुम्ही पहिले नाहीत. जळगाव जिल्ह्यात सव्वीस वर्षं मी लॅबमध्ये जंतू वाढवते आहे. वर्षाकाठी चार-दोन जण तरी काउंटरवर हसत येतात, ‘मॅडम, निगेटिव्ह उनं ना?’ म्हणून. त्यांचं हसू घालवणं हा माझ्या कामातला सगळ्यात नावडता भाग आहे.

तुमच्या रिपोर्टवरचा तो शब्द जंतू सापडला की नाही हे सांगतच नाही. जंतू सापडलाय, आणि भरपूर सापडलाय: लघवीच्या एका मिलिलिटरमागे एक लाखाच्या वर. ‘निगेटिव्ह’ हे त्या जंतूच्या सालीचं वर्णन आहे.

१८८४ साली बर्लिनमध्ये हान्स ख्रिश्चन ग्रॅम नावाचा डॅनिश डॉक्टर न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. वर्गीकरण वगैरे त्याच्या डोक्यातही नव्हतं. मांसाच्या पसाऱ्यात जंतू उठून दिसावेत, एवढीच त्याची गरज. त्याने जांभळा रंग चढवला, वर आयोडीन टाकलं आणि अल्कोहोलने धुतलं. काही जंतूंनी जांभळा रंग धरून ठेवला, काहींनी सोडून दिला. आपली पद्धत अजून अपुरी आहे, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं. त्याला जी उणीव वाटली तिच्यावर आज जगभरातल्या लॅबची सकाळ सुरू होते.

आमच्याकडेही तेच चालतं. काचपट्टीवर नमुना पसरायचा, वाळला की बर्नरच्या ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवून घट्ट करायचा. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग अल्कोहोल. खरी परीक्षा या तिसऱ्या पायरीवर असते. नव्याने आलेली मुलं इथे हमखास चुकतात: फोन वाजतो, अल्कोहोल काही सेकंद जास्त राहतं आणि जांभळे राहायला हवे होते ते जंतूही धुऊन निघतात. शेवटी सॅफ्रॅनिनचा गुलाबी रंग. तेलाचा थेंब टाकून शंभराच्या भिंगाखाली पाहिलं की जांभळे दिसतात ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी दिसतात ते ग्रॅम निगेटिव्ह.

रंग धरण्या-सोडण्याचं कारण पेशीभित्तिकेत आहे. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूची भित्तिका पेप्टिडोग्लायकनची आणि चांगली जाड असते, जणू गोणपाटाचे थरावर थर. रंग आत अडकतो. ग्रॅम निगेटिव्हचा हा थर पातळ, पण त्यावर चरबीयुक्त असं आणखी एक बाहेरचं पटल असतं. हे पटल दुहेरी डोकेदुखी आहे. एक तर व्हँकोमायसिनसारखं मोठ्या रेणूचं औषध त्यातून आत शिरत नाही. ग्रॅम पॉझिटिव्हवर जबरदस्त चालणारं हे औषध तुमच्या वडिलांच्या ई. कोलायपुढे पाण्यासारखं. दुसरं म्हणजे त्या पटलातच लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो. जंतू फुटला की तो मोकळा होतो आणि शरीर हुडहुडी भरवून, ताप आणून त्याला उत्तर देतं. तो रक्तात फार झाला तर रक्तदाब कोसळतो. म्हणूनच वडिलांना नुसती जळजळ असती तर मी इतकी घाई केली नसती. थंडी वाजून ताप म्हटल्यावर मात्र थांबायचं नसतं.

आता बहिणीचं पुस्तक. यातलं खरं कोणतं, असं तुम्ही विचारता. मी उलट विचारते: तुमच्या बागेत ग्रँड नैन आहे, ती मृगबाग आहे की कांदेबाग, आणि माल निर्यातीचा की लोकल? तिन्ही वर्गीकरणं एकाच केळीची आणि तिन्ही खरी. जात विचारतो रोपं घेताना, हंगाम विचारतो पाणी-खत ठरवताना, प्रत विचारतो व्यापारी दारात आल्यावर. जिवाणूंचंही तसंच आहे. प्रत्येक वर्गीकरण म्हणजे जंतूला विचारलेला एक प्रश्न.

आकाराचा प्रश्न सगळ्यात सोपा, आणि एकट्याने सगळ्यात कमी उपयोगाचा. गोल ते कोकाय, काडीसारखे ते बॅसिलाय, पीळदार ते स्पायरोकीट. स्टॅफिलोकोकस द्राक्षाच्या घोसासारखा दिसतो आणि त्याच्या ग्रीक नावाचा अर्थही तोच. स्ट्रेप्टोकोकस माळेत ओवल्यासारखा, न्यूमोकोकस जोडीने, पटकीचा व्हिब्रिओ स्वल्पविरामासारखा वाकडा. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरा इतका बारीक की साध्या ग्रॅम रंगात दिसतच नाही, त्याला काळ्या पार्श्वभूमीचा वेगळा सूक्ष्मदर्शक लागतो. ई. कोलाय साधारण दोन मायक्रॉन लांब. एका मिलिमीटरमध्ये असे पाचशे एकापुढे एक झोपतील. भिंगाखाली बारीक शेवेचा चुरा सांडल्यासारखे दिसतात.

पण अडचण अशी की मुदतीच्या तापाचा साल्मोनेला, रक्ती हगवणीचा शिगेला आणि आतड्यात निमूट राहणारा ई. कोलाय, तिघेही भिंगाखाली अगदी सारखे: गुलाबी काड्या. नुसतं पाहून ‘टायफॉईडचे जंतू दिसले’ म्हणणारा माणूस खोटं बोलतोय, खुशाल समजा. इथे पुढचा प्रश्न येतो: बाबा रे, तू खातोस काय?

जंतू वाढवायचं मॅकॉन्की नावाचं खाद्य असतं. त्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पित्तक्षार आणि आम्ल झालं की गुलाबी होणारा रंग. पित्तक्षारामुळे बहुतेक ग्रॅम पॉझिटिव्ह तिथे वाढत नाहीत. ई. कोलाय आणि क्लेबसिएला लॅक्टोज खाऊन आम्ल करतात, त्यांच्या वसाहती, म्हणजे प्लेटवर उगवलेले ठिपके, गुलाबी होतात. साल्मोनेला ती साखर खात नाही, त्याच्या फिकट राहतात. सकाळी इन्क्युबेटर उघडल्यावर प्लेट हातात घेताच निम्मी ओळख पटते. क्लेबसिएला चिकट, शेंबडासारखा, कारण त्याच्याभोवती जाड संपुट असतं. याच संपुटामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. प्रोटियस पित्तक्षार नसलेल्या प्लेटवर लाटांसारखा पसरतो आणि असा वास मारतो की डबा कोणी खायचा बाकी असेल तर बाहेर जाऊन खातो. स्यूडोमोनास हिरवट रंग सोडतो आणि गोडसर, द्राक्षांसारखा वास देतो. भाजलेल्या रुग्णाच्या पट्टीला तो वास आला की मला तरी पोटात कालवल्यासारखं होतं.

गोल जंतूंसाठी वेगळे प्रश्न. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात वसाहत टेकवली आणि बुडबुडे आले तर स्टॅफिलोकोकस, नाही आले तर बहुधा स्ट्रेप्टोकोकस. मग सशाच्या प्लाझ्मात मिसळायचं. गोठलं तर ऑरियस, म्हणजे गळवांचा, पूवाचा मुख्य धनी. एवढ्याशा नळीत चार तासांत जेली होते की नाही, यावर पुढचं औषध अवलंबून असतं.

जाता जाता एक भाऊबंदकी सांगते, कारण प्रश्न केळीवाल्याचा आहे. बागेत नव्या लागवडीत कंदकुज होते, झाड ओढलं की कंदापासून तुटून हातात येतं आणि घाण वास येतो. ती करणारा इर्विनिया जिवाणूच आहे, ग्रॅम निगेटिव्ह काडी, आणि ई. कोलायच्या मोठ्या कुळातलाच दूरचा भाऊबंद. केळीवरचा करपा, म्हणजे सिगाटोका, मात्र बुरशी आहे. त्यावर जिवाणूंचं औषध फवारणं आणि सर्दीच्या विषाणूवर अँटिबायोटिक खाणं, दोन्हीत पैसे सारखेच वाया. जिवाणू, विषाणू, बुरशी हे पहिलं वर्गीकरण चुकलं की पुढची सगळी हुशारी फुकट.

ऑक्सिजनचा प्रश्न शेतकऱ्याच्या जास्त जवळचा. क्षयाच्या जंतूला हवा लागतेच, म्हणून फुप्फुसाच्या वरच्या, हवेशीर भागात तो बरा नांदतो. ई. कोलायला हवा असली तरी चालते, नसली तरी चालते. धनुर्वाताच्या क्लॉस्ट्रिडियम टेटनायला मात्र हवा विषासारखी. मग तो मातीत, शेणखतात, हवेत उघडा कसा टिकतो? बीजाणू करून. पेशीच्या एका टोकाला गोल फुगीर बीजाणू येतो, ढोल वाजवायच्या टिपरीसारखा दिसतो. या अवस्थेत त्याला खाणं नको, पाणी नको, वर्षानुवर्षं पडून राहतो. केळी कापताना कोयत्याने खोल जखम झाली, तोंड बंद झालं, आत मेलेलं मांस आणि हवा नाही, की त्याला हवं ते मिळालं. साध्या उकळीने या बीजाणूंची खात्री देता येत नाही. त्याला दाबाखालची वाफ लागते: १२१ अंश, १५ पौंड दाब, किमान १५ मिनिटं. आमचा ऑटोक्लेव्ह म्हणजे घरच्या कुकरचाच मोठा भाऊ. ‘सुई उकळून घेतली’ यावर मी कधीच समाधानी नसते, ते या जंतूमुळे.

गोठ्यातली फाशी, म्हणजे जनावरांचा अँथ्रॅक्स रोग, याच प्रकारातली. तिचा बॅसिलस अँथ्रॅसिस हवेशी संबंध आला की बीजाणू धरतो. म्हणून अचानक मेलेल्या आणि नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त आलेल्या जनावराची चिरफाड करू नका, कातडं काढू नका, असं पशुवैद्य सांगतात. मेलेलं जनावर उघडलंत, तर ती जमीन कित्येक वर्षांसाठी बाधित होते.

गोठ्याचा विषय निघालाच आहे तर घटसर्पाबद्दल. लक्षणांवरून नावं ठेवली की काय घोटाळा होतो, याचं आपल्या मराठीत याहून चांगलं उदाहरण नाही. म्हशीचा घटसर्प पाश्चुरेला मल्टोसिडामुळे होतो, ग्रॅम निगेटिव्ह. लहान मुलाचा घटसर्प कॉरिनेबॅक्टेरियम डिफ्थेरियामुळे, ग्रॅम पॉझिटिव्ह. दोन्हींत गळा सुजतो, घरघर लागते, म्हणून नाव एक. जंतू वेगळे, लस वेगळी. माझ्याकडे एक आजी विचारायला आली होती, म्हशीला मारलेली घटसर्पाची लस नातवाला चालेल का. हसू नका, नाव एकच असेल तर प्रश्न रास्त आहे. डिफ्थेरियाची तर आणखी एक गंमत: तो जंतू घातक विष तेव्हाच करतो, जेव्हा त्याच्या आत विशिष्ट विषाणू शिरलेला असतो, कारण त्या विषाचं जनुक विषाणूचं आहे. तेव्हा घशात जंतू सापडला एवढ्याने भागत नाही, तो विष करतो का, हेही तपासावं लागतं.

रोग करण्याची रीत हाही एक निकष, आणि माझ्या मते पुस्तकांत त्याला मिळते त्यापेक्षा जास्त जागा मिळायला हवी. काही जंतू स्वतः घुसून नासधूस करतात, काही नुसतं विष सोडतात. बऱ्याच वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका लग्नात पंगत उठून तीन तास होत नाहीत तोच माणसं ओकू लागली. बासुंदीवर संशय. पातेल्यातली उरलेली बासुंदी आमच्याकडे आली. कल्चरवर दोन दिवस काहीही उगवलं नाही. आचारी तावातावाने म्हणाला, ‘मी वाढण्याआधी परत खळखळ उकळली होती.’ खरंच उकळली होती. मी त्याच बासुंदीची ग्रॅमची काचपट्टी केली, तर जांभळ्या घोसांनी भरलेली. स्टॅफिलोकोकस मेलेला होता, पण मरण्याआधी रात्रभराच्या उकाड्यात त्याने सोडलेलं विष अर्धा तास उकळूनही टिकणारं असतं. आचाऱ्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. खाली पिकलेलं नखुरडं. कल्चर ‘निगेटिव्ह’, आणि माणसं सलाइनवर.

सगळ्या चौकटींबाहेरचेही आहेत. क्षयाच्या जंतूची भित्तिका मेणचट, ग्रॅमचा रंग धड घेतच नाही. त्याला कार्बॉल फुक्सिन तापवून चढवायचा आणि मग सल्फ्युरिक आम्लाने धुवायचा. आम्लानेही जो रंग सोडत नाही तो हा, निळ्या पार्श्वभूमीवर लाल काडी. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ला तो जाहीर केला. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला पंधरा-वीस तास लागतात, म्हणून कल्चरला आठवडे आणि औषधाला महिने. त्याचा चुलतभाऊ, कुष्ठरोगाचा जंतू, हान्सेनने १८७३मध्ये पाहिला, पण आजतागायत तो कुठल्याही खाद्यावर वाढवता आलेला नाही. त्याला थंड जागा आवडते, म्हणून कानाच्या पाळ्या, नाक, हातपायांची बोटं. मायकोप्लाझ्माला तर भित्तिकाच नाही. भित्तिकेवर घाव घालणारं पेनिसिलिन त्याच्यावर कसं चालणार? आणि गोचीडवर्गातल्या किड्यांतून येणारे रिकेट्सिया, स्क्रब टायफसचा ओरिएन्शिया, हे आपल्या पेशींच्या आतच वाढतात, आमच्या प्लेटवर नाहीत.

१९७७नंतर कार्ल वूस यांच्या कामामुळे जिवाणूंची वंशावळ त्यांच्या रायबोसोममधल्या आरएनएवरून लावता येऊ लागली आणि पुष्कळ जुनी कुळं मोडून नवी मांडली गेली. मोठ्या लॅबमध्ये आता प्रथिनांच्या वजनावरून काही मिनिटांत नाव देणारी यंत्रं आहेत. आमच्याकडे अजून नळ्या आणि नाक.

आता ईएसबीएल. वंशावळीने सगळं कळलं असतं, तर हा शब्द रिपोर्टवर लागलाच नसता. ई. कोलाय तुमच्या-माझ्या आतड्यात रोज असतो. त्यातल्याच काही जातींना लघवीच्या मार्गाच्या अस्तराला चिकटून बसायला विशिष्ट केसासारखे धागे असतात, त्या तिथे घर करतात. या वयात प्रोस्टेट वाढलेली असेल आणि लघवी पूर्ण होत नसेल, तर त्यांना आयतं डबकं मिळतं. त्यावर ईएसबीएल म्हणजे हा जंतू असं एन्झाइम बनवतो, जे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली बरीचशी औषधं तोडून टाकतं. गोळ्यांचे पर्याय उरतात थोडे, ताप असेल तर आणखी थोडे. डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहिली ती बहुधा यासाठी. वाईट गोष्ट ही की या एन्झाइमचं जनुक प्लास्मिड नावाच्या छोट्या वेगळ्या डीएनएवर असतं, आणि ते ई. कोलाय शेजारच्या क्लेबसिएलालाही देऊ शकतो. गोत्र वेगळं, पण हत्यार उसनं. त्यामुळे नावापेक्षा त्याखालचा तक्ता, कुठलं औषध चालेल आणि कुठलं नाही तो, डॉक्टर आधी वाचतात. तुम्हीही तो जपून ठेवा, पुढच्या वेळी दाखवायला.

एक राग काढूनच टाकते. तापाच्या दुसऱ्याच दिवशी एक वायडल करून ‘टायफॉईड निघाला’ म्हणत तीन सलाइन लावणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. वायडल ही रक्ताची चाचणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने केलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती बनायला आठवडाभर लागतो. जुन्या आजाराची, लसीचीही ती दिसतात. पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर करा, तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी.

शेवटचं, नमुन्याबद्दल. औषध संपल्यावर डॉक्टरांनी पुन्हा कल्चर सांगितलं, तर नमुना आणणार कसा, ते आत्ताच ठरवा. समजा लघवीत मिलिलिटरमागे हजारच जंतू आहेत. डबी यावलच्या स्टँडवर उन्हात, मग एसटीत ड्रायव्हरशेजारी गरम बॉनेटवर. वीस मिनिटांना दुप्पट या हिशोबाने दोन तास वीस मिनिटांत ते सव्वा लाखाच्या वर जातात, आणि मी इमानदारीत ‘एक लाखाहून जास्त’ लिहिते. मे महिन्यात तर माझ्या खोलीचाच पारा इन्क्युबेटरच्या ३७च्या वर चढतो. साधा इन्क्युबेटर तापवू शकतो, गार करू शकत नाही. भुसावळला नवी असताना एका मे महिन्यात वीज गेली आणि न्यूमोकोकसच्या सगळ्या प्लेट्स मी अशाच गमावल्या. तेव्हापासून उन्हाळ्यात लॅबमध्ये एसी माझ्यासाठी नाही, जंतूंसाठी चालतो.

तेव्हा लॅबमधून मिळालेली निर्जंतुक डबीच वापरा. वडिलांना आधी जागा पाण्याने धुवायला सांगा. पहिली धार सोडून द्यायची, मधली धार डबीत. झाकण आतून बोटाने शिवायचं नाही. डबी प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी बर्फाच्या थर्मासमध्ये. सकाळी साडेआठच्या आत पोचा, आणि काउंटरवर शेवटचं इंजेक्शन कुठल्या तारखेला घेतलं ते सांगा.